धावपट्टीवरची कमान

"रतन, ते समोर काय आहे?" कॅप्टन कुरुविलांनी विचारलं.

विमान माझ्या हातात होतं. चाकं खाली आली होती, वेग उतरला होता आणि समोरच्या काचेत आमच्या तांबवेढ्याची धावपट्टी मोठी होत चालली होती. पट्टीचं तोंड मोकळं होतं, पण थोडं आत पट्टीवर आडवं काहीतरी लाल-पिवळं उभं होतं. मला आधी वाटलं, पलीकडे स्वागतासाठी घातलेल्या मंडपाचं कापड असेल. आणखी जवळ गेल्यावर दोन्ही कडांना लोखंडी खांब दिसले, खांबांना बांधलेले केळीचे खुंट दिसले आणि मधे ताणलेल्या कापडावरची अक्षरं दिसली. सुस्वागतम.

"कमान आहे, सर," मी म्हणाले.

"कुठे?"

"धावपट्टीवर."

कॅप्टन कुरुविलांची उभी हयात विमानं उडवण्यात गेली होती. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा समोर बघितलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "वर घे."

मी विमान वर घेतलं. कमान आमच्या पोटाखालून मागे गेली. खाली शेकडो हात आणि टोप्या हवेत हलल्या. विमानाने आपल्याला सलामी दिली असं लोकांना वाटलं असणार.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. तांबवेढ्यासारख्या गावाला विमानतळ कसा, हा प्रश्न मला पुढे जन्मभर लोकांनी विचारला, म्हणून तेही सांगून टाकते. मी जन्मले त्याच्या आसपास केव्हातरी तेव्हाच्या नगराध्यक्षांच्या मनात आलं, की शेजारच्या तालुक्याला साखर कारखाना मिळाला, तर आपल्याला निदान विमानतळ तरी पाहिजे. गायरानाचा माळ होताच. ठराव झाला, रोलर फिरला, एक मंत्री विमानाने येऊन उतरले, त्यांनी नारळ फोडला आणि परत जाताना ते मोटारीने गेले. त्यानंतर त्या माळावर विमान आलं नाही. मिरच्या वाळायला आल्या, शर्यतीचे बैल सरावाला आले, मोटार शिकणारे आले. मी सायकल तिथेच शिकले. पालिकेच्या दप्तरात मात्र 'नगरपालिका विमानतळ' हे नाव कायम राहिलं आणि दर निवडणुकीला त्यावर भाषणं झाली. बहात्तरच्या दुष्काळात तिथे खडी फोडायचं काम निघालं. माझ्या आईने त्या पट्टीची खडी फोडलेली आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील केरबा लोखंडे, पालिकेत बांधकामाचे मुकादम होते. पट्टीवर डांबर पडलं ते त्यांच्या देखरेखीखाली.

मी कॉलेजात एनसीसीच्या हवाई तुकडीत गेले, पुढे शिष्यवृत्ती मिळवून वैमानिक झाले, तेव्हा भावकीतल्या सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. अण्णांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पालिकेने विमानतळ बांधलाय म्हटल्यावर कुणीतरी विमान चालवायला लागणारच, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी ज्या छोट्या हवाई कंपनीत लागले, तिला मुंबईहून आमच्या भागात रोजचं विमान सुरू करायचं होतं. आमचं गाव आणि शेजारच्या जिल्ह्यातलं एक गाव, अशा दोन जागा डोळ्यांसमोर होत्या. आधी चाचणी म्हणून एकदा उतरून बघायचं आणि मग ठरवायचं. मागच्या आसनावर कंपनीचे मेहरोत्रा साहेब बसले होते. निर्णय त्यांच्या हातात होता. मी नोकरीत अजून कायम झाले नव्हते, तोही निर्णय त्यांच्याच हातात होता. "तुझं गाव आहे, तूच उतरव," असं म्हणून कॅप्टननी विमान माझ्या ताब्यात दिलं होतं.

आम्ही गावाला वळसा घातला. मला आठवलं, चार दिवसांपूर्वी अण्णांनी पालिकेतून ट्रंककॉल लावला होता. ते ओरडून बोलत होते, कारण फोनवर ओरडूनच बोलायचं असतं अशी त्यांची समजूत होती.

"रतन, इमानाची पंखं किती रुंद असत्यात गं?"

मी सांगितलं.

"आन उंची?"

मी तीही सांगितली. गावातल्या लोकांना सांगायला हवं असेल असं मला वाटलं. बापाला लेकीच्या विमानाचं कौतुक आहे, या कल्पनेने मी दोन दिवस खुशीत होते.

आता वरून मला सगळं स्वच्छ दिसत होतं. कमान अगदी मापात होती. पालिकेचे दिव्याचे दोन खांब पट्टीच्या दोन्ही कडांना पुरलेले होते, वर तार ओढलेली होती, आणि आमचं विमान पंखांसकट त्याखालून निघून जाईल एवढी जागा त्यात होती. अलीकडे उतरायचं, चाकं टेकली की जमिनीवरून पळत कमानीखालून जायचं आणि मंडपापाशी थांबायचं, असा हिशेब होता; टेकलेलं विमान किती वेगाने पळतं आणि हातभर सरकलं तरी पंख खांबाला लागतो, एवढंच त्यात धरलेलं नव्हतं. असं काम करणारा माणूस तांबवेढ्यात एकच होता.

"आणखी एकदा खालून जाऊ," कॅप्टन म्हणाले. "कदाचित त्यांच्या लक्षात येईल."

आम्ही पुन्हा खाली आलो. त्यांच्या लक्षात आलं नाही. मी काचेमागून हात आडवा हलवला, पण त्या वेगात माझा हात कोणाला दिसणार? उलट लोक मंडप सोडून पट्टीच्या कडेला धावत आले. पोलीस काठ्या आडव्या धरून त्यांना थोपवत होते आणि मान वर करून आमच्याकडेच बघत होते. कमानीच्या खांबापाशी एक माणूस एकटा उभा होता. पांढरा सदरा, पांढरी टोपी. तो हात हलवत नव्हता. पाहुण्यांना वाट दाखवतात तसा त्याने एक हात कमानीकडे धरला होता.

"कमानीच्या पुढे उतरता येईल?" कॅप्टननी विचारलं. ते मला परीक्षेत विचारावं तसं विचारत होते.

मी बघितलं. कमानीनंतर बरीच पट्टी उरत होती. वारा नव्हता, ऊन स्वच्छ होतं. नेटाने आणि नशिबाने जमलं असतं. पण पट्टीच्या टोकाला मंडप होता, मंडपात शाळेच्या मुली रांगेत बसवल्या होत्या आणि कडेला माणसं दाटली होती. मला उतरायचं होतं. माझ्या आयुष्यात मला दुसरं काहीही इतकं करावंसं वाटलेलं नाही.

"नाही सर," मी म्हणाले. "उतरता येणार नाही."

"बरोबर," ते म्हणाले. "पुण्याला चल."

मेहरोत्रा साहेब मागून पुढे येऊन आमच्या दोघांच्या मधे वाकले होते. "त्या दारावर काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

मी अर्थ सांगितला.

"छान," ते म्हणाले. "या म्हणतात आणि दार लावून घेतात."

"सर, मी पुण्याहून फोन करते. तासाभरात काढतील ते. आपण दुपारी पुन्हा येऊ."

"आज कमान आहे, उद्या म्हशी असतील. ज्यांना धावपट्टी मोकळी ठेवायची असते हेच माहीत नाही, त्यांच्या भरवशावर मी प्रवासी आणू?" ते काही रागाने बोलले नाहीत. जागेवर जाऊन बसले. त्यांचं चुकत नव्हतं. मी विमान पुण्याकडे वळवलं.

पुण्यात उतरल्यावर मी पालिकेत फोन लावला. तिकडे घंटा वाजत राहिली. सगळी पालिका माळावर होती. मग मी कॅप्टनची परवानगी घेतली, गणवेशावरच एसटी पकडली आणि संध्याकाळी तांबवेढ्याच्या स्टँडवर उतरले.

स्टँडवरच मला कळलं की गावाने कारण शोधून काढलंय. शाळेत माझ्या वर्गात असलेला एक जण रिक्षा चालवायचा. सोडायला निघाला आणि वाटेत मान वळवून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नगंस रतन. एवढी गर्दी बघून कुनाचं बी हात कापत्यात."

"कुणाचे हात कापले?"

"आता तसं सगळी म्हणत्यात. दोन डाव खाली आली आन दोन डाव वर गेली. बाईमानूस हाय, घाबरली आसंल."

घाबरली हा शब्द वैमानिकाला चिकटला की सुटत नाही. कंपनीत तर मी पहिलीच बाई होते आणि माझे हात कापतात का, हे बघायला काही जण टपून बसलेले होते. उद्या ही बातमी मुंबईच्या एखाद्या पेपरात आली असती, तर मला कायम न करायला मेहरोत्रा साहेबांनाही ती सोयीची वाटली असती.

घरी अण्णा ओट्यावर बसले होते. सकाळचाच पांढरा सदरा अंगात होता. आईने दारात माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि चहा ठेवायला आत गेली. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते.

"दमलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"दादासाहेबांनी सत्कार ठेवलाय टाऊन हॉलात. शाली आणलेल्या, हार आणलेलं, म्हनलं वाया कशाला घालवायचं. आठाला जायाचं हाय." दादासाहेब निकम म्हणजे आमचे नगराध्यक्ष. अण्णांनी गुडघ्यावरची टोपी उचलून पुन्हा ठेवली. "लई तापल्यात ते. कुनाच्या तरी चुकीनं झालं आसलं तर त्येला घरी बशिवतो म्हनले."

अण्णांना निवृत्त व्हायला दोन वर्षं होती. त्यांचा सगळा जन्म पालिकेत गेला होता. गटारं, रस्ते, शाळांच्या भिंती, ती धावपट्टी. घरी बसवलं असतं तर पेन्शनचं राहू द्या, त्या अपमानानेच ते खचले असते.

मग त्यांनी विचारलंच. "रतन, कमान आडवी आली का गं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. कमान लावायची ती पाहुणा जिथून येतो तिथे, एवढी साधी गोष्ट त्यांनी केली होती. माझ्या विमानाचं माप घेऊन, खांब पुरून, चार दिवस उन्हात उभं राहून केली होती. त्यांना खरं सांगणं मला जमेना.

"नाही अण्णा," मी म्हणाले. "आडवा वारा होता. माझ्याच्याने सांभाळला गेला नाही."

"आडवा वारा," अण्णा म्हणाले. मग त्यांनी उठून टोपी झटकली आणि डोक्यावर घातली. "बरं. चल."

टाऊन हॉल भरलेला होता. स्टेजवर दादासाहेब, दोन नगरसेवक आणि शाळेचे हेडमास्तर होते. मला मधे बसवलं. अण्णा खाली शेवटच्या रांगेत, पालिकेच्या लोकांत बसले. दादासाहेब हाडाचे पुढारी होते. त्यांनी आधी विमानतळाचा सगळा इतिहास सांगितला, मागच्या नगराध्यक्षांना कोपरखळ्या मारल्या, आजच्या दिवसाचं वर्णन केलं, आणि विमान उतरलं नाही ही गोष्ट भाषणाच्या अगदी टोकाला आणून ठेवली.

"आता आपल्या कन्येनंच गावाला सांगावं, काय अडचण झाली ती," ते म्हणाले आणि माईक माझ्यापुढे सरकवला.

मी उभी राहिले. मंडपातल्या मुली पुढे बसल्या होत्या. त्यांना सकाळपासून ताटकळत ठेवलेलं दिसत होतं.

"धावपट्टी उत्तम आहे," मी म्हणाले. "तयारीही उत्तम होती. त्या वेळी आडवा वारा होता. अशा वाऱ्यात उतरवायला जास्त अनुभव लागतो. तो मला अजून नाही. चूक माझी आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी मोठ्याने सुस्कारा टाकला. सगळ्यांना जे वाटत होतं तेच मी सांगितलं होतं, त्यामुळे कोणी रागावलंही नाही. दादासाहेबांचा चेहरा सैल झाला. ते मायेने हसले.

"होतं असं," ते माईकवर म्हणाले. "मुलीच्या जातीनं एवढं धाडस केलं हेच खूप आहे. पुढच्या खेपेला अनुभवी वैमानिक पाठवा म्हणून आपण कंपनीला कळवू. बाईंचा सत्कार मात्र आपण मनापासून करतोय."

ते शाल उलगडायला लागले, तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"साहेब, जरा थांबा."

अण्णा उभे राहिले होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. फोनवर ओरडायचे तसेच ते ओरडून बोलले.

"वारा नव्हता."

सगळ्या माना मागे वळल्या.

"केरबा, बस खाली," दादासाहेब म्हणाले.

"बसतो. येवढं ऐका. सकाळधरनं म्या कमानीखाली उभा हुतो. वर पताका लावलेल्या. येक पताका हालली न्हाई. वाऱ्याचं नाव नव्हतं."

"मग विमान उतरलं का नाही?"

"कमानीमुळं. तुम्ही मला कमान फाटकापाशी लावाय सांगितली हुती. म्या म्हनलं, फाटकातनं तर आपुनच येनार. इमान येनार पट्टीवरनं. म्हनून पट्टीवर लावली. कुनाला न इचारता लावली." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "इमानाला मोकळी पट्टी लागती, त्ये मला उमगलं न्हाई. चूक माझी हाय. ती घाबरली न्हाई. घाबरली असती तर खाली पोरी बसल्यात ह्ये तिला दिसलंच नसतं."

कुणीतरी म्हणालं, "केरबानं इमानाला तोरण बांधलं," आणि सगळा टाऊन हॉल हसला. स्टेजवरचे हसले, पोलीस हसले, मुली तोंडावर हात धरून हसल्या. अण्णा टोपी हातात धरून उभेच होते. मला माईक ओढून सगळ्यांना गप्प बसा असं ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण अण्णांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको, अशी. मी खाली बसले.

दादासाहेबांनी त्यांना घरी बसवलं नाही. एवढ्या लोकांनी हसून घेतल्यावर त्यांचाही राग उतरला होता. बांधकामावरून काढून त्यांनी अण्णांची बदली कोंडवाड्यावर केली. उरलेली दोन वर्षं अण्णांनी मोकाट गुरं कोंडण्यात आणि सोडण्यात घालवली. रोजचं विमान शेजारच्या जिल्ह्याला मिळालं आणि तिथलंही ते काही वर्षांतच बंद पडलं. मेहरोत्रा साहेबांनी दुसऱ्या महिन्यात मला नोकरीत कायम केलं. आमच्या माळावर आता लोक सकाळी फिरायला जातात, आणि निवडणूक आली की पुन्हा भाषणं होतात. 'केरबाची कमान' हा शब्द गावात अजून चालतो. चुकीच्या जागी केलेल्या कुठल्याही चांगल्या कामाला तो वापरतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी सत्कार आटोपून आम्ही दोघं पायी घरी निघालो. माझ्या खांद्यावर शाल होती, अण्णांच्या हातात नारळ होता. लोक दारांतून आमच्याकडे बघत होते. वेशीजवळ अण्णा थांबले.

"खोटं कशाला बोललीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला काढून टाकलं असतं."

"आन तुला काय नाव ठेवलं असतं?" ते म्हणाले. "माझी दोन वरसं ऱ्हायलीत. तुझी सगळी ऱ्हायलीत."

मी रडले. भर रस्त्यात, गणवेशात, शाल तोंडाला लावून रडले. अण्णांनी रडू नकोस असं म्हटलं नाही. माझं होईपर्यंत ते नारळ धरून शेजारी उभे राहिले. नंतर आम्ही पुन्हा चालायला लागलो. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी घसा साफ केला. काहीतरी विचारायचं होतं आणि विचारावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं.

"रतन."

"काय अण्णा?"

"वरनं कशी दिसत हुती गं कमान?"

"लांबूनच दिसली," मी म्हणाले. "गाव दिसायच्या आधी दिसली. फार छान दिसत होती, अण्णा."